निळे फुगे आणि दुधट छत्रे : किनाऱ्यावरून जेलीफिश ओळखताना

मुंबईच्या चौपाट्यांवर 'जेलीफिश आले' ही बातमी बहुधा जुलैच्या अखेरीस किंवा ऑगस्टमध्ये छापून येते, आणि कोकण-गोव्याकडची तशीच बातमी पावसाळा ओसरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास वाचायला मिळते. दोन्हीकडे शब्द एकच वापरलेला असल्यामुळे वाचणाऱ्याची अशी समजूत होते की, एकच प्राणी आधी एका किनाऱ्याला लागतो आणि मग दुसऱ्या. प्रत्यक्षात जुहू, आक्सा किंवा गिरगावच्या वाळूवर भर पावसात जे येऊन पडते ते पाण्याच्या पृष्ठभागावर तरंगणारे आणि वाऱ्याने ढकलले गेलेले निळे जीव असतात. पावसानंतर मालवण-वेंगुर्ल्याच्या किंवा गोव्याच्या पाण्यात दिसतात ते मुख्यतः स्वतः पोहू शकणारे, छत्राच्या आकाराचे खरे जेलीफिश. शाळेत शिकवल्या जाणाऱ्या निडारिया संघातच दोघांची गणना होते आणि दंशपेशी दोघांकडेही असतात, परंतु त्यांची शरीररचना वेगळी, किनाऱ्याला लागण्याचे कारण वेगळे, आणि दंश झाल्यावर काय करावे याचे उत्तरही सर्वांना सारखेच लागू पडत नाही. किनाऱ्यावर फिरताना या प्राण्यांची छायाचित्रे काढण्याचा छंद मला बऱ्याच वर्षांपासून आहे. त्यातून माझे मत असे झाले आहे की यांची ओळख कोरड्या वाळूवर उभे राहून पटवता येते, मात्र त्यासाठी रंगाआधी रचना पाहावी लागते आणि रचनेच्याही आधी वारा.

प्रथम पावसाळ्यातला पाहुणा घेऊ, कारण आपल्याकडच्या बहुतेक बातम्यांचा नायक तोच असतो. इंग्रजीत त्याला ब्ल्यूबॉटल किंवा पोर्तुगीज मॅन-ऑफ-वॉर म्हणतात. शास्त्रीय नाव फायसेलिया. हा काटेकोर अर्थाने जेलीफिश नव्हे, आणि एक प्राणीही नव्हे. एकाच अंड्यातून वाढलेल्या, एकमेकांना जोडलेल्या अनेक लहान जीवांची ती वसाहत असते. एक घटक तरंगण्याचा फुगा होतो, काही घटक भक्ष्य पकडतात, काही ते पचवतात, काही प्रजननाचे काम पाहतात, आणि यांपैकी कोणताही घटक एकटा जगू शकत नाही. वाळूवर पडलेला असताना प्रथम नजरेत भरतो तो फुगा. आपल्या किनाऱ्यावर येणाऱ्यांचा फुगा सहसा काही सेंटीमीटर लांबीचा असतो. पारदर्शक निळा, कधी कडेला जांभळट-गुलाबी झाक असलेला, आणि वरच्या बाजूला चुणीदार तुरा असलेला. दिवाळीतल्या, कातण्याने कडा कापलेल्या करंजीची आठवण व्हावी असा त्याचा आकार असतो, आणि लहान मुलांचा हात त्याच्याकडे का जातो हे वेगळे सांगायला नको. फुग्यातल्या वायूत कार्बन मोनॉक्साइडचा मोठा अंश असतो आणि तो वायू हा जीव स्वतःच तयार करतो.

फुगा दंश करत नाही. दंश करतात ती त्याच्या खालून निघणारी गडद निळी शुंडके, म्हणजे अतिशय लांब आणि आखडू-पसरू शकणारे धागे. अटलांटिक महासागरातल्या मोठ्या जातीत ती तीस मीटरपर्यंत पसरल्याच्या नोंदी आहेत. आपल्याकडे येणाऱ्या लहान नमुन्यांत बहुधा एकच मुख्य शुंडक ठळक दिसते, पण तेही पाण्यात असताना काही मीटर पसरू शकते. पाण्यात उतरलेल्या माणसाला फुगा दिसतो, तो त्यापासून हातभर बाजूला होतो, आणि तरीही पोटरीला चटका बसतो तो यामुळेच. दंशपेशीच्या आत एक सूक्ष्म डबी असते आणि त्या डबीत गुंडाळलेला पोकळ विषारी धागा. स्पर्श होताच तो बाहेर फेकला जातो. याच संघातल्या हायड्रा या गोड्या पाण्यातल्या जीवावर झालेल्या मोजमापात ही क्रिया एका मायक्रोसेकंदाहूनही कमी वेळात, सुमारे सातशे नॅनोसेकंदांत, घडते असे आढळले आहे. त्यासाठी मेंदूची किंवा जिवंत धन्याची आज्ञा लागत नाही. म्हणूनच वाळूवर वाळत पडलेला, मेलेला फायसेलियासुद्धा दंश करू शकतो, आणि तुटून लाटांबरोबर वाहत आलेला नुसता धागाही करू शकतो. पावसाळ्यात गुडघाभर पाण्यात उभे असताना कोणताही प्राणी दिसला नाही तरी चटका बसतो, तेव्हा बहुधा असाच तुकडा कारणीभूत असतो.

आता वाऱ्याकडे येतो. फायसेलियाला पोहता येत नाही. फुग्यावरचा तुरा शिडाचे काम करतो आणि वारा नेईल तिकडे तो जातो. त्यातही हे शीड काही जीवांत डावीकडे कललेले असते, तर काहींत उजवीकडे. त्यामुळे एकाच वाऱ्यात दोन गट वेगवेगळ्या दिशांना वाहत जातात. अरबी समुद्रावर नैर्ऋत्य मोसमी वारा जोरात असताना खुल्या समुद्रातले हे तांडे आपल्या पश्चिमाभिमुख किनाऱ्यांवर येऊन आदळतात. म्हणून सलग दोन-तीन दिवस समुद्राकडून जमिनीकडे जोराचा वारा वाहिला असेल, त्यातच उधाणाची भरती असेल, तर दुसऱ्या दिवशी सकाळी ओहोटीच्या वेळी भरतीची रेषा पाहण्यासारखी असते. ओला कचरा, शेवाळ, प्लास्टिकच्या बाटल्या आणि चपला यांची जी वेडीवाकडी रांग लाट मागे सोडून जाते, तिच्यातच हे निळे फुगे अडकलेले सापडतात. पायात बूट घालून त्या रेषेच्या जमिनीकडच्या बाजूने चालत राहिले, तर पाण्याला पायही न लावता फायसेलिया नीट पाहता येतो. रेषेत एखाददुसरा निळा फुगा दिसला, तर लाटांमध्ये आणखी आहेत असे खुशाल धरून चालावे. त्या दिवशी पाण्यात उतरू नये, मग जीवरक्षकाने लाल बावटा लावलेला असो वा नसो. लाल बावट्यामागे बहुतेक वेळा लाटांचे आणि ओढीचे कारण असते, या पाहुण्यांसाठी तो मुद्दाम लावला जाईलच असे नाही.

फायसेलियाच्या सोबतीला त्याच वाऱ्यावर आणखी काही निळे जीव येतात आणि ओळखीचा गोंधळ खरा तिथे होतो. त्यांत सर्वांत अधिक दिसतो तो पॉरपिटा, ज्याला निळे बटण असेही म्हणतात. मध्ये चपटी, फिकट, वर्तुळावर वर्तुळे असलेली कडक चकती आणि भोवती निळ्या-हिरवट तंतूंची झालर अशी त्याची रचना असते. चकती साधारण जुन्या रुपयाच्या नाण्याएवढी किंवा थोडी मोठी. याला फुगा नसतो आणि लांब लोंबते शुंडकही नसते, एवढ्या दोन गोष्टींवरून तो फायसेलियापासून वेगळा काढता येतो. त्याचा दंश सौम्य असतो; बहुतेकांना किंचित खाज सुटण्यापलीकडे काही होत नाही. वेलेला नावाचा त्याचा नातलग त्यामानाने क्वचित दिसतो. तो लंबगोल असून त्याच्या चकतीवर तिरपे, काचेसारखे पारदर्शक शीड उभे असते. बातम्यांमध्ये 'विषारी जेलीफिशचा सुळसुळाट' असा मथळा असतो आणि खाली छायाचित्र निरुपद्रवी पॉरपिटाचे असते, हा प्रकार मी इतक्या वेळा पाहिला आहे की आता बातमी वाचण्याआधी मी फोटोच पाहतो.

या तांड्यात फायसेलियाला खाणारेही असतात. ग्लॉकस ही निळी-चंदेरी, पंखांसारखे फाटे असलेली, कवच नसलेली छोटी समुद्री गोगलगाय फायसेलिया खाते आणि त्याच्या दंशपेशी न फोडता आपल्या शरीराच्या फाट्यांच्या टोकांशी साठवून ठेवते. डिसेंबर २०२३मध्ये मिचाँग चक्रीवादळानंतर चेन्नईच्या बेसंट नगर किनाऱ्यावर हे 'निळे ड्रॅगन' वाहून आले, तेव्हा त्यांची छायाचित्रे देशभर फिरली. समाजमाध्यमांवर परदेशी किनाऱ्यांवरची ग्लॉकस तळहातावर घेतलेली छायाचित्रेही फिरत असतात. त्यांचे अनुकरण करू नये, कारण साठवलेल्या दंशपेशी एकवटलेल्या असल्यामुळे ग्लॉकसचा दंश फायसेलियाइतका, प्रसंगी त्याहून तीव्र असू शकतो. बुडबुड्यांचा तराफा करून त्याला उलटी लटकणारी जांभळी गोगलगाय मात्र कोणालाही इजा करत नाही. तिचे नाजूक शंख भरतीच्या रेषेत सापडले तर निळ्या तांड्याची चाहूल म्हणून त्यांची नोंद घ्यावी.

पावसाळ्यानंतरचे, छत्राच्या आकाराचे जेलीफिश हा ओळखण्याच्या दृष्टीने अधिक अवघड आणि मला अधिक आवडणारा भाग आहे. नोव्हेंबर २०२०मध्ये गोव्यात दोन दिवसांत नव्वदहून अधिक लोकांना जेलीफिशचा दंश झाल्याचे तिथल्या जीवरक्षक सेवेने, दृष्टी मरीनने, जाहीर केले होते. त्यांतल्या निम्म्याहून अधिक घटना बागा-कळंगुट ते सिकेरी या उत्तर गोव्याच्या पट्ट्यात घडल्या होत्या. सुट्ट्यांचा हंगाम सुरू होतो, पाणी निवळते, समुद्र शांत होतो आणि लोक पाण्यात उतरतात, नेमक्या त्याच काळात हे घडते. मच्छीमारांना तर याचा त्रास दंशापेक्षाही वेगळ्या प्रकारे होतो : जाळ्यात मासळीऐवजी चिकट, जड जेलीफिश भरतात, जाळे ओढता येत नाही, प्रसंगी फाटते आणि ते साफ करणाऱ्यांच्या हातांची दिवसभर आग होते.

वाळूवर पडलेले छत्र म्हणजे चकाकणारा एक पारदर्शक गोळा, आणि तो पाहून काहीच कळत नाही अशी बहुतेकांची तक्रार असते. जेलीफिशच्या शरीरात नव्वद टक्क्यांहून कितीतरी अधिक पाणी असल्यामुळे उन्हात त्याची ओळख भराभर पुसली जाते, हे खरे आहे. तरीही तीन गोष्टी बऱ्याच वेळ टिकतात : छत्राच्या कडेपासून धागे लोंबतात की नाही, छत्राच्या मध्यभागातून खाली उतरणारे मुखबाहू, म्हणजे तोंडाभोवतीचे हातांसारखे अवयव, कसे आहेत, आणि छत्रावर काही नक्षी आहे का.

छत्राच्या काठाला धागेच नाहीत आणि खाली आठ जाडसर, फुलकोबीच्या गड्ड्यासारखे गजगजीत मुखबाहू आहेत, छत्र जाड आणि टणक आहे, असे दिसले तर तो रायझोस्टोम या गटातला समजावा. रोपिलेमा, कॅटोस्टायलस, क्रॅम्बिओनेला हे सारे याच गटातले. यांतले काही खाण्यायोग्य आहेत. गुजरातच्या किनाऱ्यावर आणि केरळातही ते पकडून मीठ आणि तुरटी लावून सुकवले जातात आणि पूर्व आशियात निर्यात होतात. हाताच्या ओंजळीपासून परातीएवढ्यापर्यंत कोणत्याही आकाराचे ते असू शकतात, आणि आकार मोठा म्हणून दंश मोठा असा काही नियम नाही. उलट या गटातल्या अनेकांचा दंश तुलनेने सौम्य असतो. सौम्य याचा अर्थ खाज आणि पुरळ येणार नाही, असा मात्र घेऊ नये.

छत्राच्या काठाला लांब धागे आहेत, शिवाय मध्यातून झालरीसारखे चार लांब मुखबाहू उतरले आहेत आणि छत्रावर मध्यापासून काठाकडे जाणारे तपकिरी किंवा तांबूस पट्टे आहेत, असा प्राणी दिसला तर तो क्रायसाओरा असण्याची शक्यता मोठी असते. याचा दंश चांगलाच वेदनादायक असतो. पट्टे अस्पष्ट असतील तरी काठाचे धागे आणि मधली लांब झालर या दोन्ही गोष्टी एकत्र दिसल्या की मी त्याला क्रायसाओरा समजूनच वागतो. छत्र चपटे असून खालून केसांसारख्या असंख्य धाग्यांचे झुबके निघत असतील, तर तो सायनिया, आणि त्याच्यापासूनही तितकेच लांब राहावे. या सर्वांत ओळखायला सोपा तो ऑरेलिया, म्हणजे चंद्र जेलीफिश : बशीएवढे दुधट पारदर्शक छत्र, काठाला अगदी आखूड झालर, आणि छत्रातून आरपार दिसणाऱ्या घोड्याच्या नालाच्या आकाराच्या चार खुणा. त्या खुणा म्हणजे त्याच्या जननग्रंथी. त्याचा दंश अनेकांच्या त्वचेला जाणवतही नाही.

एक गट असा आहे की ज्याच्याबाबत ओळख पटवण्याच्या फंदातही पडू नये, तो म्हणजे पेटीच्या आकाराचे जेलीफिश. छत्र वरून चौकोनी, चार कोपऱ्यांशी चार मांसल देठ आणि त्या देठांपासून निघणारे धागे, हे त्यांचे लक्षण. ते जवळजवळ अदृश्य असतात, प्रवाहाविरुद्ध जोमाने पोहतात, आणि त्यांना खरोखरीचे भिंग असलेले डोळे असतात. जगातला सर्वांत धोकादायक मानला जाणारा चायरोनेक्स उत्तर ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याचा रहिवासी आहे. परंतु या गटातल्या काही जातींची नोंद भारतीय समुद्रातही झालेली आहे. वाळूवरच्या पारदर्शक गोळ्याला चार कोपरे दिसले, तर छायाचित्र काढावे, जीवरक्षकाला सांगावे आणि पाण्यात असलेल्यांना बाहेर बोलवावे.

जेलीफिश म्हणून दाखवल्या जाणाऱ्या काही गोष्टी मुळात जेलीफिश नसतात. कंगवा-जेली नावाच्या लहान, काचेच्या गोटीसारख्या जीवांवर आठ उभ्या रांगांमध्ये सूक्ष्म केस असतात आणि उजेडात त्यांवर इंद्रधनुषी लहर फिरताना दिसते. त्यांच्याकडे दंशपेशी नसतात. पारदर्शक मण्यांच्या माळेसारखे जोडलेले साल्प्स हेही निरुपद्रवी. आणि गढूळ पाण्यात अर्धवट बुडालेली प्लास्टिकची पिशवी तर कासवांनाही फसवते. वेळास-आंजर्ले येथे अंडी घालायला येणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवांच्या आहारात जेलीफिश असतात. कासवाची ही गफलत त्याच्या जिवावर बेतते, आपली मात्र फार तर फसगत होते, एवढाच काय तो फरक.

दंशावरील उपचारांविषयी इतके उलटसुलट सांगितले जाते की इथे थोडे थांबायला हवे. लघवी, लिंबू, वाळूने चोळणे, दारू ओतणे, हे सर्व उपाय अंगावर चिकटलेल्या पण अजून न फुटलेल्या दंशपेशी फोडण्याची शक्यता वाढवतात. ते करू नयेत, कितीही ज्येष्ठ माणसाने सांगितले तरी. गोड्या पाण्यानेही तेच होऊ शकते, म्हणून नळाखाली धावत जाण्याऐवजी प्रथम समुद्राच्याच पाण्याने ती जागा हलकेच धुवावी. चिकटलेला धागा चिमट्याने किंवा प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून उचलून काढावा. खरवडू नये, कारण दाबानेही दंशपेशी फुटतात. त्यानंतर सोसेल इतक्या गरम पाण्यात तो भाग वीस मिनिटे ते पाऊण तास बुडवून ठेवावा. बर्फ की गरम पाणी, या जुन्या वादावर पूर्व ऑस्ट्रेलियात प्रत्यक्ष किनाऱ्यांवर, ब्ल्यूबॉटलचा दंश झालेल्या ९६ जणांवर चाचणी झाली आणि २००६मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले : पंचेचाळीस अंश सेल्सिअस पाण्यात भाग बुडवलेल्यांपैकी ८७ टक्के लोकांना वीस मिनिटांनी वेदना कमी झाल्याचे जाणवले, बर्फ लावलेल्यांत हे प्रमाण ३३ टक्के होते. आपल्या चौपाटीवर तापमापक मिळणार नाही, पण चहाच्या टपरीवर उकळते पाणी नक्की मिळते. त्यात थंड पाणी मिसळून, दंश न झालेल्या हाताने ते आधी तपासून मगच वापरावे. वेदनेने बधिर झालेल्या भागाला पाणी किती कढत आहे ते कळत नाही आणि दंशावर भाजल्याची भर पडते.

व्हिनेगरबाबत मात्र सरसकट उत्तर देता येत नाही, आणि सुरुवातीपासून मी रचनेवर इतका भर का देत आहे ते इथे स्पष्ट होईल. पेटीच्या आकाराच्या जेलीफिशच्या दंशावर व्हिनेगर ओतावे, हे ऑस्ट्रेलियातल्या प्रथमोपचारात पक्के आहे. तिथल्याच मार्गदर्शक सूचना ब्ल्यूबॉटलसाठी मात्र व्हिनेगर वापरू नये असे सांगतात, तर हवाईमधल्या संशोधकांनी २०१७मध्ये प्रयोगशाळेतल्या निरीक्षणांवरून फायसेलियासाठीही ते उपयुक्त ठरते असे मांडले. क्रायसाओराच्या बाबतीत व्हिनेगरने दंशपेशी आणखी फुटू शकतात. जिथे प्राणी कोणता हे पक्के माहीत नाही, तिथे समुद्राचे पाणी, धागा उचलून काढणे आणि गरम पाणी हा क्रम मला सर्वांत कमी धोक्याचा वाटतो. श्वास घ्यायला त्रास, ओठ किंवा चेहरा सुजणे, चक्कर, वारंवार उलट्या, छातीत दुखणे, डोळ्याला दंश किंवा अंगाच्या मोठ्या भागावर दंश, यांपैकी काहीही असेल तर घरगुती उपाय करत बसू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. लहान मुलांच्या बाबतीत हा उंबरठा आणखी खाली ठेवावा.

गणेश विसर्जनाच्या दिवसांत मुंबई महापालिका आणि मत्स्यव्यवसाय विभाग जेलीफिशबरोबर पाकट (स्टिंगरे) या काटा मारणाऱ्या माशाविषयीही सावध करतात, आणि गर्दीत कशाने दंश केला हे कळणे महत्त्वाचे असते. जेलीफिशचा दंश त्वचेवर रेषांच्या किंवा फटके मारल्यासारख्या लाल वळांच्या रूपात उमटतो आणि रक्त येत नाही. पाकटाचा काटा पायात शिरतो, भोक पडते, रक्त येते आणि वेदना त्या एका जागेतून वर चढत जाते. गरम पाणी दोन्हींवर उपयोगी पडते. पण काट्याचा तुकडा जखमेत राहिलेला असू शकतो आणि धनुर्वाताचे इंजेक्शनही लागते, म्हणून पाकटाच्या जखमेसाठी डॉक्टरांकडे जाणे टाळू नये. विसर्जनाला पाण्यात उतरणाऱ्यांनी गमबूट आणि लांब विजार घालावी, ही सूचना दरवर्षी दिली जाते आणि दरवर्षी अनवाणी पायांनीच तिला उत्तर मिळते. श्रद्धेच्या भागात मला शिरायचे नाही. मूर्ती पालिकेच्या कर्मचाऱ्यांच्या किंवा जीवरक्षकांच्या हाती द्यावी, लहान मुलांना कोरड्या वाळूवरच थांबवावे, इतके तरी सहज करता येते.

आता पाहण्याच्या जागांविषयी. जिवंत, पोहणारा जेलीफिश पाहण्यासाठी पाण्यात उतरण्याची गरज नसते. सर्वांत चांगली जागा म्हणजे बोटीचा धक्का. मांडव्याचा असो की मालवणचा, वारा पडलेला असताना, भरती पुरी होऊन पाणी थबकलेले असताना आणि सूर्य पाठीशी असताना धक्क्यावरून खाली पाहावे. पोलराइज्ड चष्मा असेल तर पाण्यावरची चकाकी नाहीशी होते आणि वरून छत्राची उघडझाप व्यवस्थित दिसते. कधी छत्राच्या आश्रयाने पोहणारी लहान मासळी दिसते; तिच्यासाठी मी तासन् तास धक्क्यावर ओणवा होऊन राहू शकतो, आणि घरच्यांचे यावर वेगळे मत आहे. मालवण-तारकर्ली किंवा आचऱ्याच्या बाजूला सकाळी रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचे मोठे जाळे, ओढली जात असेल तर तीही पाहावी. रापणीत मासळीबरोबर आलेले जेलीफिश वाळूवर ताजे असतात आणि रापणकरांना कोणत्याने हात चुरचुरतो, कोणत्याने नाही, याचे ज्ञान असते. त्यांच्या कामाच्या आड न येता विचारले तर ते सांगतातही. मात्र ते उघड्या हाताने जेलीफिश बाजूला फेकतात म्हणून आपण तसे करू नये. वर्षानुवर्षे राबलेल्या तळहाताची कातडी आणि शहरातल्या माणसाचे मनगट यांत बराच फरक असतो.

सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ स्नॉर्कलिंग करणाऱ्यांनी अंगभर घट्ट बसणारे लायक्राचे कपडे घालावेत. दंशपेशीतला धागा अगदी आखूड असल्यामुळे पातळ कापडाचा थरही पुष्कळदा पुरेसा ठरतो. पाण्यात जेलीफिश दिसला तर त्याच्या खालून किंवा मागून जाऊ नये, कारण धागे तिकडेच पसरलेले असतात. वरच्या बाजूने, छत्राकडून, दोन-तीन मीटर अंतर ठेवून पाहावे, आणि एकापेक्षा अधिक दिसू लागले की बाहेर पडावे. वाळूवरच्या जेलीफिशला काठीने उलटे करायचे असेल तर जरूर करावे, कारण मुखबाहू खालीच असतात. परंतु ती काठी नंतर मुलांच्या हाती पडणार नाही हे पाहावे. त्याला उचलून पाण्यात परत फेकण्यात काही अर्थ नसतो. किनाऱ्याला लागलेला जेलीफिश बहुधा वाचत नाही, आणि तो फेकताना तुटलेले धागे मात्र पोहणाऱ्यांपर्यंत पोचतात.

छायाचित्र काढायचे तर एक वरून, एक बाजूने आणि शक्य असेल तर एक खालच्या बाजूचे काढावे, आणि शेजारी मापासाठी पेन किंवा नाणे ठेवावे. सोबत तारीख, जागा, भरती-ओहोटीची वेळ आणि वाऱ्याची दिशा टिपून ठेवावी. अशा नोंदी आयनॅचरलिस्ट या संकेतस्थळावर टाकता येतात. मुंबईत 'मरीन लाइफ ऑफ मुंबई' हा गट २०१७पासून किनाऱ्यावरच्या सहलींतून आणि अशाच नोंदींतून शहराच्या समुद्री जीवांची माहिती गोळा करत आला आहे. या नोंदींचा उपयोग कागदावरच राहतो असेही नाही. फायसेलिया ही जगभर एकच जात आहे असे दीर्घकाळ मानले जात होते. २०२५मध्ये जगाच्या वेगवेगळ्या भागांतल्या दीडशेहून अधिक नमुन्यांच्या जनुकीय अभ्यासातून त्या चार वेगळ्या जाती असल्याचे प्रसिद्ध झाले, आणि त्यांचे दिसणे वेगळे कसे आहे हे ठरवण्यासाठी सामान्य लोकांनी किनाऱ्यावर काढलेली हजारो छायाचित्रे तपासली गेली. तेव्हापासून मी फुग्याचे छायाचित्र काढून पुढे जात नाही. मुख्य शुंडक एकच आहे की अनेक, ते कुठून निघते आणि फुग्याचा तुरा कोणत्या बाजूला कलला आहे, एवढे दिसेल असे आणखी एक छायाचित्र काढतो, आणि जुन्या संग्रहातल्या पावसाळी छायाचित्रांतूनही याच खुणा पुन्हा शोधायला बसलो आहे.